रूपं शंभर, पाया अरुंद: लागवडीच्या टोमॅटोमागचा इतिहास

बोराएवढा चेरी, अंडाकृती लांबट, खाचाखाचांचा चपटा गावठी, कॅरेटमध्ये थरावर थर रचले तरी न दबणारा कडक संकरित. शिवाय पिवळा, नारिंगी, गुलाबी, काळपट. लागवडीतल्या टोमॅटोची ही सगळी रूपं शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच जातीची फळं आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. जनुकांचा हिशेब मात्र उलटा निघतो. टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांमध्ये जेवढं वैविध्य आहे, त्याच्या पाच टक्केसुद्धा लागवडीच्या वाणांत उरलेलं नाही, असा अंदाज १९९० साली मांडला गेला आणि पुढच्या अभ्यासांनीही हा पाया अरुंद असल्याचंच दाखवलं. डोळ्यांना दिसणारी विविधता आणि पिकाला रोगराईत तारणारी विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या कशा झाल्या, हे कळायला थेट दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारापर्यंत मागे जावं लागतं.

पेरू आणि इक्वेडोरच्या किनारपट्टीत ‘सोलॅनम पिंपिनेलिफोलियम’ हा रानटी टोमॅटो आजही वाढतो. फळ जेमतेम एक ग्रॅमचं, लालभडक, आत दोनच कप्पे. यातून आधी चेरीसारखा अर्धरानटी टोमॅटो तयार झाला. तो उत्तरेकडे सरकत मेक्सिकोत पोचला आणि तिथल्या शेतकऱ्यांनी निवडत निवडत त्याचं फळ मोठं केलं. स्पॅनिश लोक आले तेव्हा हे काम बरंच पुढे गेलेलं होतं. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने ॲझटेक बाजारातल्या टोमॅटो विक्रेत्याचं वर्णन नोंदवून ठेवलं आहे. त्यात मोठे, छोटे, गोड आणि पिवळ्यापासून गडद लालपर्यंत नाना रंगांचे प्रकार येतात (त्यातले काही टोमॅटो नसून आज ज्याला टोमाटिलो म्हणतात ते वेगळं फळही असावं). म्हणजे रंग-आकारांची विविधता ही युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या बियाणे कंपन्यांची देणगी नव्हे. तिचा मोठा भाग त्या बाजारात आधीच मांडलेला होता.

पण या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर मूठभरच बी पुढे गेलं. अँडीजमधून मेक्सिकोत थोडं, मेक्सिकोतून जहाजाने युरोपात त्याहून थोडं. इटलीत १५४४ मध्ये मात्तिओली या वैद्याने टोमॅटोचा उल्लेख केला तो चपट्या, फोडी पडलेल्या आणि पिकल्यावर सोनेरी होणाऱ्या फळाचा. युरोपात आणखी एक बदल झाला. रानटी फुलात कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते, त्यामुळे मधमाश्यांमार्फत परपरागीकरण होऊ शकतं. लागवडीच्या फुलात कुक्षीचा दांडा आखूड होऊन ती आतच राहिली. मायदेशातल्या माश्या सोबत नसताना फळधारणा होण्यासाठी ही सोय उत्तमच, पण झाड स्वतःच्याच परागावर फळू लागलं आणि नवं रक्त मिसळणं जवळपास थांबलं. आपल्याकडे टोमॅटो पोर्तुगीजांमार्फत आला असं मानलं जातं. तो आला तोही या दोन-तीन चाळण्यांतून गाळलेला.

मग इतकी रूपं आली कुठून? उत्तर चकित करणारं आहे: मोजक्या जनुकांतल्या मोजक्या बदलांतून. एखादा मोठा चपटा टोमॅटो आडवा कापून पाहा. दोन कप्प्यांऐवजी सात, आठ, कधी दहाहून जास्त कप्पे दिसतात, मधला गर वेडावाकडा पसरलेला असतो आणि प्रत्येक खाचेची रेघ बाहेरच्या सालीपर्यंत पोचलेली असते. यामागे मुख्यतः दोन जनुकांतले बदल आहेत. त्यांतल्या ‘फॅसिएटेड’चं कारण २०१५ मध्ये स्पष्ट झालं: गुणसूत्राचा सुमारे २,९४,००० अक्षरांचा तुकडा उलटा बसला आणि कळीची वाढ आवरणाऱ्या जनुकाचा लगाम सैल झाला. लांबट आकारामागे ‘ओव्हेट’ आणि ‘सन’ ही दोन जनुकं आहेत. ‘सन’मध्ये तर एका उडत्या डीएनए तुकड्याने जनुकाची प्रत उचलून दुसऱ्या गुणसूत्रावर नेऊन ठेवली. वजनाबाबतचं पहिलं मोठं यश २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या स्टीव्हन टँकस्ली यांच्या गटाला मिळालं. रानटी आणि लागवडीच्या फळातला वजनाचा जवळपास ३० टक्के फरक त्यांना एका जनुकाशी जोडता आला. रंगांचंही तसंच आहे. लाल रंगद्रव्याच्या साखळीतली पहिली कडी तुटली की फळ पिवळं होतं, पुढची एक कडी तुटली की नारिंगी. सालीतला पिवळा रंग गेला की लाल गर गुलाबी दिसतो आणि पिकतानाही हरितद्रव्य विरलं नाही की काळपट तपकिरी टोमॅटो मिळतो.

आजच्या गुळगुळीत, एकसारख्या फळाचा इतिहास अमेरिकेतल्या ओहायोत सुरू होतो. अलेक्झांडर लिव्हिंगस्टन यांनी आधी बरीच वर्षं चांगली फळं निवडून त्यांचं बी पेरलं, पण हवा तसा गुण उतरेना. मग त्यांनी फळाऐवजी अख्खं झाड निवडायला सुरुवात केली. ज्या झाडावरची सगळी फळं एकसारखी होती, त्याचं बी धरून पिढ्यान् पिढ्या मोठ्या फळाकडे नेलं आणि १८७० मध्ये ‘पॅरॅगॉन’ हा वाण बाजारात आणला. १९१४ च्या सुमाराला फ्लोरिडात आपोआप झालेल्या एका बदलातून मर्यादित वाढीचं झाड मिळालं. आज बुटकी, एकदम फळणारी जी टोमॅटोची झाडं दिसतात, त्यांचा वारसा तिथवर जातो.

यातल्या एका निवडीची किंमत मात्र आपण अजून मोजतो आहोत. कच्च्या फळाचा खांदा गडद हिरवा राहिला की पिकताना रंग एकसारखा येत नाही, म्हणून पैदासकारांनी फिकट खांद्याचा बदल उचलून धरला. त्या बदलाने नेमकं काय बिघडवलं ते २०१२ मध्ये कळलं: फळातली हरितद्रव्याची यंत्रणाच कमजोर पडते आणि साखरही कमी तयार होते. स्वादाबाबतची आणखी एक गोष्ट २०१९ मध्ये ७२५ टोमॅटोंचे जनुकसंच एकत्र तपासल्यावर कळली. वासाशी निगडित असलेल्या एका जनुकाचं एक रूप रानटी पिंपिनेलिफोलियममध्ये ९१ टक्के ठिकाणी होतं, जुन्या पारंपरिक वाणांत दोन टक्क्यांच्या आसपास. ‘जुनं ते सगळं चवदार’ या समजाला हा आकडा धक्का देतो. वाण जुना असला म्हणून त्यात सगळं शिल्लक असेलच असं नाही.

गमावलेलं परत आणायचं तर रानातूनच, हे ज्यांनी सर्वांत आधी मनावर घेतलं त्यांत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स रिक (१९१५–२००२) येतात. अँडीजमध्ये अनेक मोहिमा काढून त्यांनी रानटी टोमॅटोचं बी जमवलं. त्यांच्या नावाच्या केंद्रात आज तीन हजारांहून जास्त नमुने आहेत आणि संशोधकांना ते मागितल्यावर मिळतात. गालापागोस बेटांवरच्या टोमॅटोचं बी काही केल्या रुजेना, तेव्हा रिक यांनी ते तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घालून पाहिलं. कासवाच्या पोटातून गेलेलं बी रुजलं! त्याच बेटांवरच्या टोमॅटोने देठाला सांधा नसण्याचा गुण दिला. फळ देठ मागे ठेवून सुटतं, त्यामुळे यंत्राने तोडणी करणं सोपं झालं.

दुसरी गोष्ट डिसेंबर १९६२ ची. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू इल्टिस आणि डॉन युजेंट पेरूत रानटी बटाट्याच्या शोधात फिरत होते. वाटेत हिरवट पांढऱ्या, जांभळ्या रेघांच्या छोट्या फळांचं एक टोमॅटोचं झाड दिसलं. त्याला ८३२ हा क्रमांक देऊन त्यांनी बी रिक यांच्याकडे पाठवलं. पुढे ती नवीच जात ठरली. रिक यांनी लागवडीच्या टोमॅटोशी तिचे संकर केले, वर्षानुवर्षं निवड केली आणि त्यातून गरातला विद्राव्य अंश (मुख्यतः साखर) वाढलेल्या ओळी, म्हणजे पैदाशीसाठी जपलेले वंश, मिळाल्या. सॉस आणि प्युरीच्या कारखान्यांना याचा फार मोठा फायदा झाला. कोणीही तोंडात घालणार नाही अशा हिरव्या फळात गोडीची जनुकं दडलेली होती, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं उदाहरण वाटतं. रानटी झाडाकडे नुसतं बघून त्यात काय आहे ते कळत नाही.

रोगांच्या बाबतीत तर सगळी भिस्तच रानावर आहे. फ्युजेरियम मर रोगाला तोंड देणारं पहिलं जनुक पिंपिनेलिफोलियममधून आलं, सूत्रकृमींविरुद्धचं (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींविरुद्धचं) पेरूव्हियानम या रानटी जातीतून. या दुसऱ्या संकराचं बी जगत नव्हतं, म्हणून १९४० च्या दशकात कोवळा भ्रूण काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागला.

आपल्या शेतकऱ्याला यातलं सर्वांत जवळचं प्रकरण पर्णगुच्छाचं, म्हणजे बोकड्याचं. पांढऱ्या माशीमार्फत हा विषाणू पसरला की पानं वळतात, झाड खुरटतं आणि लवकर लागण झाली तर तोडा जवळजवळ हातचा जातो. लागवडीच्या टोमॅटोत याला भक्कम प्रतिकार मिळाला नाही. भारतात गौतम कल्लू आणि एम. के. बॅनर्जी यांनी हॅब्रोकायटिस या केसाळ रानटी जातीतला प्रतिकार लागवडीच्या टोमॅटोत उतरवला आणि १९९० मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. त्यातली ‘एच-२४’ ही ओळ पुढे जगभर वापरली गेली आणि तिच्यातल्या जनुकाला टीवाय-२ हे नाव मिळालं. टोमॅटोचा पूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही पाचव्या गुणसूत्राची जबाबदारी भारतीय संस्थांकडे होती.

नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत उतरणाऱ्या मालाकडे या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट खटकते. फळ एकसारखं, वाण मोजके, लागवडीची वेळही एकच. विषाणूला याहून सोपं रान कोणतं? २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळांवर रंगाचे पट्टे पडून माल वाया गेला. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं आणि तपासणीत प्रामुख्याने काकडीचा मोझॅक विषाणू आढळला. परसात टिकून असलेल्या गावठी वाणांचं बी गोळा करून जपायलाच हवं, पण प्रतिकाराचा शोध तेवढ्यावर थांबणार नाही, कारण तेही त्याच चाळणीतून आलेलं आहे.

बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेच्या ‘अर्का रक्षक’ या संकरित वाणात पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तीन रोगांचा प्रतिकार एकत्र आणलेला आहे. एकटं टीवाय-२ विषाणूच्या सगळ्या प्रकारांपुढे टिकत नाही, म्हणून पैदासकार आता त्याच्या जोडीला टीवाय-३ बसवतात. ते ‘सोलॅनम चिलेन्से’ या दुसऱ्या रानटी जातीतून घेतलेलं आहे.