मुंबईतील न्यायालयीन अभिलेख

मुंबई शहर व उपनगरांतील न्यायालयांत दाखल झालेल्या प्रकरणांचे कागद, नोंदवह्या आणि निकालपत्रे यांचा समुच्चय. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद), साक्षी-पुरावे, निकालपत्र व हुकूमनामा (निकालाची बजावणी ज्यावरून होते तो आदेश) हे दिवाणी दाव्याच्या फाइलचे मुख्य घटक होत. या अभिलेखांचे एकच मध्यवर्ती भांडार मुंबईत नाही. कागद न्यायालयाच्या अधिकारितेप्रमाणे विभागलेले आहेत आणि अधिकारिता गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदलली. म्हणून जुने प्रकरण शोधणाऱ्याला आधी त्या वर्षी, तेवढ्या रकमेचा व त्या जागेचा दावा कोणापुढे चालत असे हे ठरवावे लागते.

आरंभकाळ : या अभिलेखांचा प्रारंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर याने १६७० च्या सुमारास मुंबई व माहीम असे दोन विभाग पाडून प्रत्येकी एक न्यायपीठ नेमले. ऑगस्ट १६७२ मध्ये पोर्तुगीज कायदा रद्द होऊन इंग्रजी कायदा लागू झाला आणि जॉर्ज विलकॉक्स हा न्यायाधीश असलेले न्यायालय सुरू झाले. शहराच्या न्यायसंस्थेचा इतिहास बहुतेक लेखक येथून सुरू करतात. संस्थेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अभिलेखांच्या दृष्टीने मात्र अडचण अशी, की या न्यायालयाच्या कामकाजाची माहिती मुख्यतः कंपनीच्या सुरत व मुंबई येथील पत्रव्यवहारातून आणि सल्लामसलतीच्या नोंदींतून, म्हणजे अप्रत्यक्षपणे मिळते. सर चार्ल्स फॉसेट यांनी या काळाची मांडणी केली तीही प्रामुख्याने अशाच साधनांवर. १६८९–९० मध्ये सिद्दी याकूतखानाने बेटाचा मोठा भाग व्यापला, तेव्हा न्यायदान विस्कळीत झाले. १६९० ते १७१८ हा काळ न्यायालयीन इतिहासात सामान्यतः खंड म्हणून दाखवला जातो.

मार्च १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत न्यायालय पुन्हा सुरू झाले. त्यात इंग्रज सदस्यांबरोबर स्थानिक समाजांचे प्रतिनिधीही न्यायाधीश म्हणून बसत. याच सुमाराचा रामा कामती याच्यावरील खटला (१७२०) प्रसिद्ध आहे. कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याला दोषी ठरवणारी पत्रे बनावट होती, असे पुढे अनेक अभ्यासकांनी मानले. असा आक्षेप घेता आला तो पुराव्याचे कागद कंपनीच्या दप्तरात टिकले म्हणून.

२४ सप्टेंबर १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयर्स कोर्ट स्थापन झाली. मुंबईचे कामकाज १७२८ मध्ये सुरू झाले. मेयर व नऊ ऑल्डरमन यांच्या या न्यायालयाला ‘अभिलेख न्यायालया’चा, म्हणजे ज्याचे कामकाज कायम नोंदवून ठेवले जाते अशा न्यायालयाचा, दर्जा होता. त्याच्या निर्णयावर गव्हर्नर-इन-कौन्सिलकडे आणि पुढे इंग्लंडच्या राजाकडे अपील जात असल्याने कामकाज लिहून ठेवणे भागच होते. मृत्युपत्रांना प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयीन प्रमाणपत्र) देण्याचा अधिकारही त्यास मिळाला. शहराच्या न्यायालयीन अभिलेखांची सलग परंपरा येथून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या न्यायालयाच्या कामकाजाच्या वह्या मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहातही या कामकाजाची मालिका आहे. पुराभिलेखागाराचा उगम १८२१ च्या सरकारी अभिलेख कार्यालयात आहे.

मेयर्स कोर्टाच्या जागी १७९८ च्या सनदेने रेकॉर्डर्स कोर्ट, तर १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आले. शहराबाहेरच्या अदालतींची परंपरा वेगळी होती. त्यांच्या शिखरावर सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत असे. १४ ऑगस्ट १८६२ रोजी उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, पण कागदांत ते वेगळेच राहिले. सुप्रीम कोर्टाचा वारसा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडे (जिथे दावे थेट दाखल होतात) आणि सदर अदालतीचा अपील शाखेकडे (जिथे खालच्या न्यायालयांच्या निर्णयांवरील अपिले येतात) गेला. आजही दोन्ही शाखांच्या नोंदवह्या, प्रकरण क्रमांक आणि कार्यालये स्वतंत्र आहेत. मूळ शाखेचा कारभार प्रोथोनोटरी व सीनियर मास्टर या अधिकाऱ्याकडे असतो. अपील शाखेच्या कार्यालयात मूळ शाखेचा दावा क्रमांक विचारणाऱ्याला काहीच सापडत नाही, याचे कारण हे.

अधिकारितेच्या सीमा : लहान रकमेचे दावे चालवणाऱ्या लघुवाद न्यायालयाची दाव्याच्या रकमेची मर्यादा १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय अधिनियमाने दोन हजार रुपये होती. त्यामुळे १९०० साली पंधराशे रुपयांच्या हुंडीचा दावा तेथे, तर तीन हजारांचा दावा थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चाले. १९४८ मध्ये शहर दिवाणी न्यायालय स्थापन झाले. त्याची मर्यादा प्रथम दहा हजार रुपये होती. १९५० मध्ये अधिसूचनेने ती पंचवीस हजारांवर नेली. ही वाढ वैध आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये वाढ वैध ठरली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने मर्यादा एक कोटी व २०२३ च्या दुरुस्तीने दहा कोटी रुपये झाली. मर्यादा वाढली की उच्च न्यायालयात पडून असलेले दावे खाली वर्ग होतात. त्यामुळे एकाच दाव्याला जुना आणि नवा असे दोन क्रमांक आढळतात आणि आरंभीचे आदेश एका क्रमांकाखाली, निकाल दुसऱ्या क्रमांकाखाली सापडतो.

घरमालक व भाडेकरू यांचे वाद या रकमांच्या हिशेबात बसत नाहीत. १९४७ चा मुंबई भाडे अधिनियम आणि त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यांनी मुंबईतील असे दावे लघुवाद न्यायालयाकडे सोपवले. चाळींच्या आणि पागडीच्या खोल्यांच्या इतिहासाला धोबी तलाव येथील या न्यायालयाच्या फाइलींइतके तपशीलवार साधन क्वचितच मिळेल. अभ्यासकांनी त्यांचा उपयोग त्या मानाने कमी केला आहे.

उपनगरांबाबत आणखी एक पेच आहे. वांद्रे, अंधेरी, कुर्ला ही गावे साष्टी तालुक्यात व पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. १९४५ च्या बृहन्मुंबईविषयक अधिनियमाने उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारितेच्या हद्दी वाढवण्याची तरतूद झाली. त्यापूर्वीचे या गावांतील जमिनींचे दावे सामान्यतः ठाण्याच्या न्यायालयांच्या दप्तरात शोधावे लागतात. शहरातील वरिष्ठ न्यायालयांचे कागद बहुतांशी इंग्रजीत असतात. एतद्देशीय भाषांतील दस्तऐवजांना मूळ शाखेत चीफ ट्रान्सलेटरच्या कार्यालयाचे भाषांतर जोडलेले असते. याउलट ठाण्याच्या एकोणिसाव्या शतकातील दप्तरासाठी मोडी वाचता आली पाहिजे.

नोंदवहीतील शोध : पक्षकारांची नावे, दाखल झाल्याचे वर्ष व प्रकरणाचा प्रकार एवढे हाती असले तर नोंदवहीवरून क्रमांक काढता येतो. जुन्या सूच्यांत हिंदू पक्षकार बहुधा स्वतःच्या नावाखाली, मग वडिलांचे नाव अशा क्रमाने येतात; आडनावावर विसंबणाऱ्याला ‘विठोबा नारायण’ दिसला तरी तो आपलाच पूर्वज हे लक्षात येत नाही. पारशी व गुजराती नावांची इंग्रजी वर्णलेखने एकाच फाइलमध्येही बदलतात. सहवादी व सहप्रतिवादी ‘व इतर’ या दोन शब्दांत लुप्त होतात. निकाल छापलेला असेल तर १८७६ पासूनच्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालेत किंवा १८९९ पासूनच्या बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये आधी पाहणे श्रेयस्कर. घराण्यांच्या इतिहासासाठी मूळ शाखेची प्रोबेट प्रकरणे विशेष उपयुक्त असतात, कारण मृत्युपत्रासोबत मालमत्तेची यादी व वारसांची नावेही दाखल होतात.

नक्कल : पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलाला नक्कल विभागात अर्ज करून, शुल्क भरून प्रमाणित नक्कल मिळते. त्रयस्थ व्यक्तीला साधारणतः कारण नमूद करून परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्याने हजर केलेल्या दस्तऐवजाची नक्कल निकालपत्राच्या नकलेइतकी सहज दिली जात नाही. नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची व ती दिल्याची तारीख यांचा शिक्का असतो. हा शिक्का वकील निकालाचा मजकूर वाचण्याआधी पाहतात, कारण मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ नुसार नक्कल मिळवण्यास लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणित नकलांची तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ७६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे. माहिती अधिकारात अर्ज करून न्यायिक कागद मागता येतील काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात निकालात काढला : न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय असल्यास त्याच मार्गाने जावे.

कौटुंबिक प्रकरणे, बालकांविषयीची प्रकरणे आणि लैंगिक अत्याचारातील पीडितांची ओळख यांना कायद्याने संरक्षण आहे. खुल्या न्यायालयाच्या तत्त्वालाही अपवाद असू शकतात, हे मिरजकर प्रकरणात (१९६६) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मान्य केले. त्या प्रकरणाचा उगमही मुंबई उच्च न्यायालयातच होता.

जतन व नाश : निकाली फाइल तशीच्या तशी राहत नाही. कागदांची वर्गवारी होऊन प्रत्येक वर्गाला वेगळी मुदत असते. निकालपत्र व हुकूमनामा दीर्घकाळ ठेवतात, समन्स व किरकोळ अर्ज लवकर काढून टाकतात. १९१७ च्या अभिलेख नाश अधिनियमाने यासाठी नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास दिला. हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त सामान्यतः बारा वर्षांपर्यंत करता येत असल्याने तो लवकर नष्ट करणे शक्यही नसते. इतिहासकाराला हवी असलेली साक्ष बहुधा गेलेली असते आणि हुकूमनाम्याचा कोरडा मजकूर उरतो.

संगणकीकरण : ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकी सीएनआर (केस नंबर रेकॉर्ड) क्रमांक मिळतो : राज्य व न्यायालय यांची अक्षरे, आस्थापनेचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. या क्रमांकावरून किंवा पक्षकाराच्या नावावरून पुढील तारीख, आदेश व निकाल पाहता येतात. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत माहितीपुरती असते. दाखल करण्यासाठी प्रमाणित नक्कलच लागते. संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेल्या प्रकरणांसाठी रेकॉर्ड रूममधील नोंदवह्यांवाचून सहसा दुसरा मार्ग नसतो.