कॉलेजच्या ईमेलवर एन्क्रिप्शनची एरर: अर्ज कुणी करायचा, सोबत काय जोडायचं

प्रवेशांची गर्दी ओसरली की कॉलेजांच्या कॉम्प्युटर विभागासमोर दुसरी रांग लागते. कॉलेजने दिलेल्या ईमेलवर 'सर्टिफिकेट', 'सिक्युअर कनेक्शन' किंवा 'एन्क्रिप्टेड' (म्हणजे इतरांना वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद केलेलं) असं काहीतरी दिसतं आणि मुलं 'ईमेल चालू करून मिळणेबाबत' असा एका ओळीचा अर्ज देऊन मोकळी होतात. तो अर्ज परत येतो, कारण त्या एका ओळीवरून बिघाड नेमका कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. बुटीबोरी किंवा कामठीहून नागपूरला येणाऱ्या मुलाचा अख्खा दिवस त्यात जातो. खिडकीवरच 'एरर काय आली ते लिहून आणा' अशी एक पाटी लावली तरी निम्मे हेलपाटे वाचतील, पण तीही कुणी लावत नाही.

अर्ज कॉलेजकडेच करायचा. खातं गूगलवर असो की मायक्रोसॉफ्टवर, त्याचा ताबा संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या माणसाकडे असतो. गूगलची मदत मागितली तरी 'तुमच्या अ‍ॅडमिनशी बोला' एवढंच उत्तर मिळतं. बर्डीवरच्या सायबर कॅफेत पासवर्ड देऊन 'दुरुस्त' करून घेण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका. त्याच खात्यावर तुमची मार्कशीट आणि आधारची प्रत पडलेली असते.

अर्ज लिहिण्याआधी

मोबाईल किंवा लॅपटॉपची तारीख आणि वेळ बघा. सर्टिफिकेट म्हणजे समोरची साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला. त्याला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. जुन्या लॅपटॉपमधला बटण सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि चांगलं सर्टिफिकेटही अवैध दिसू लागतं. वेळ 'ऑटोमॅटिक' केली की प्रश्न मिटतो.

मग हॉस्टेलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर मेल उघडून बघा. उघडला, तर दोष खात्यात नाही, वायफायच्या लॉगिन पानात किंवा फायरवॉलमध्ये (नेटवर्कवर नको ते अडवणाऱ्या चाळणीत) आहे. तसं असेल तर अर्जात तेच लिहा, म्हणजे तो थेट नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जाईल. आणि 'तरीही पुढे जा' हे बटण दाबू नका. ती सूचना तुमचा पासवर्ड वाचवण्यासाठीच असते.

जुन्या मेल अ‍ॅपमध्ये नुसता पासवर्ड टाकून खातं जोडलेलं असेल, तर ती पद्धत मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आणि गूगलने कॉलेजच्या खात्यांसाठी 2025 मध्ये बंद केली आहे. खातं काढा आणि 'अदर' न निवडता 'गूगल' किंवा 'मायक्रोसॉफ्ट' निवडून पुन्हा जोडा. यासाठी अर्ज लागत नाही.

कंपनीचा एन्क्रिप्टेड मेल उघडत नसेल तर

सर्वात जास्त घोळ इथे होतो, कारण मिहानमधल्या एखाद्या कंपनीचं इंटर्नशिपचं पत्र नेमकं असं येतं आणि उत्तराची मुदत दोन दिवसांची असते.

मेलमध्ये 'वन टाइम पासकोड' मागत असतील, तर तो कोड मायक्रोसॉफ्टकडून वेगळ्या मेलने येतो आणि 15 मिनिटांत बाद होतो. तो बहुधा स्पॅममध्ये पडलेला असतो. नवा मागवा, आधी स्पॅम बघा. इथेही अर्जाची गरज नाही.

पण 'स्माइम डॉट पी-सेव्हन-एम' नावाची जोडफाइल दिसत असेल, किंवा आउटलुक 'डिजिटल आयडी सापडत नाही' असं सांगत असेल, तर मेल तुमच्या सर्टिफिकेटवर बंद केलेला आहे. हे साइटचं नव्हे, ईमेलसाठी तुमच्या नावे दिलेलं सर्टिफिकेट. तो मेल उघडायला प्रायव्हेट की, म्हणजे फक्त तुमच्याकडची डिजिटल किल्ली लागते, आणि बऱ्याच जणांकडे नसतं ते नेमकं हेच. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा '.पी-ट्वेल्व' किंवा '.पीएफएक्स' अशी एक, ही की असलेली फाइल आणि तिचा वेगळा पासवर्ड दिलेला असतो. लॅपटॉप फॉरमॅट केला की ती फाइल जाते. नवं सर्टिफिकेट मिळालं तरी जुन्या सर्टिफिकेटवर बंद झालेले मेल त्याने उघडत नाहीत. म्हणून मुदत संपलेलं सर्टिफिकेटही डिलीट करू नका. अर्जात 'जुन्या कीचा बॅकअप संस्थेकडे असल्यास मिळावा' हे वाक्य आवर्जून घाला. तुम्ही मागितल्याशिवाय तो कुणी शोधत बसत नाही.

पात्रता आणि कागद

चालू वर्षाला प्रवेश असलेल्या विद्यार्थ्याला अडचण नसते. पास झालेल्यांनी मात्र घाई करावी. काढून टाकलेलं खातं गूगलवर 20 दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टवर 30 दिवसांतच अ‍ॅडमिनला परत आणता येतं. हे दिवस खातं काढल्यापासून मोजतात. 'मला काल कळलं' असं म्हणत महिन्याने आलेल्या मुलांना रिकाम्या हाताने परत जाताना बघून फार वाईट वाटतं.

कागद म्हणजे आयकार्ड, चालू वर्षाची फी पावती आणि एररचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्या, त्यात तारीख, वेळ आणि एररचे सगळे शब्द दिसायला हवेत. सर्टिफिकेटचा तपशील उघडून ते कोणाच्या नावे आहे आणि कधी संपतं, हेही जोडा. पासवर्ड किंवा '.पी-ट्वेल्व' फाइल अर्जासोबत कधीच देऊ नका, मागितली तरी नाही.

प्रथम वर्षाच्या मुलांचं आयकार्ड तोवर छापून आलेलं नसतं. मग त्यांना बोनाफाईड मागतात, आणि काही ठिकाणी बोनाफाईडचा फॉर्म त्याच बंद पडलेल्या ईमेलने लॉगिन करून भरायचा असतो! हा फेरा विद्यार्थ्याच्या माथी मारण्यात काहीच अर्थ नाही. अशा वेळी कागदावर अर्ज लिहा, फी पावती आणि आधारची प्रत जोडा, विभागप्रमुखांची सही घ्या आणि आवक क्रमांक पडलेली पोच मागून घ्या. प्रवेशाच्या वेळी दिलेला मोबाईल नंबर बदलला असेल तर तो बदलण्याची विनंती याच अर्जात करा, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जात राहील.

नवं सर्टिफिकेट मिळाल्यावर कंपनीला एक डिजिटल सही केलेला मेल पाठवा आणि पत्र पुन्हा पाठवायला सांगा. त्या मेलसोबत तुमची नवी पब्लिक की (तुम्हाला पाठवायचा मेल बंद करण्यासाठी इतरांना द्यायची किल्ली) त्यांच्याकडे पोचते. ती पोचेपर्यंत त्यांचा पुढचा मेलही जुन्याच कीवर बंद होऊन येईल.