फसवणुकीचे खटले (महाराष्ट्र)

फसवणुकीचे खटले : खोटे सांगून किंवा खोटे भासवून दुसऱ्याकडून पैसा, मालमत्ता अथवा दस्तऐवज काढून घेणाऱ्यांवर राज्यातील फौजदारी न्यायालयांत चालणारे खटले. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची भारतीय दंड संहिता लागू होते, त्यानंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता. फसवणुकीच्या जुन्या कलम ४२० ची जागा आता कलम ३१८(४) ने घेतली आहे. सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड ही शिक्षा कायम आहे. तोतयेगिरीची कमाल शिक्षा मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. जुने खटले अजून मोठ्या संख्येने उभे असल्याने दोन्ही संहिता बराच काळ शेजारी शेजारी चालतील.

गुन्ह्याचा गाभा हेतूत आहे. पैसे घेतानाच ते बुडवायचे मनात होते, हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. व्यवहार प्रामाणिकपणे सुरू झाला आणि पुढे फसला, तर तो दिवाणी वाद ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात हे स्पष्ट केले. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्यासाठी होणाऱ्या अर्जांत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला जातो. विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार हा वेगळा गुन्हा आहे. एकाच घटनेत, त्याच पैशाबाबत, फसवणूक आणि अपहार दोन्ही संभवत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिल्ली रेस क्लब प्रकरणात बजावले. तरीही अपहाराचे ४०६ आणि फसवणुकीचे ४२० ही कलमे एकत्र लावण्याची पोलिसांची सवय जुनी आहे.

फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवली जाते. मोठ्या रकमेचे गुन्हे आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे वर्ग होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपासता येणारा, गुन्हा दिसताच नोंद बंधनकारक केली, पण व्यापारी व्यवहारांच्या तक्रारींत आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. ‘अर्ज चौकशीवर आहे’ हे उत्तर तक्रारदाराला ऐकावे लागते ते बहुधा या मुभेमुळे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. त्याच न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालानंतर (२०१४) आधी हजर राहण्याची नोटीस देणे हा नियम झाला. ऑनलाइन फसवणुकीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागली, तर तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यालाच करावा लागतो.

पुरावा बहुतेक कागदाचा असतो : बँकेचे खातेउतारे, करारनामे, पावत्या, संदेश. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ती नोंद कशी व कोणत्या उपकरणातून काढली हे सांगणारे, कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. हा नियम २०२० साली पक्का झाला तो जालन्याच्या एका निवडणूक वादातून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालाने. प्रमाणपत्राअभावी चांगला पुरावाही वाया जातो, म्हणून तपासातील हे साधे काम फार मोलाचे आहे.

शिक्षेच्या बाबतीत कायद्याचे पुस्तक आणि न्यायालयाचा अधिकार यांत मोठे अंतर आहे. हे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. जुन्या संहितेतील, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेले बँकर किंवा एजंटाने केलेल्या अपहाराचे कलम ४०९ आणि मौल्यवान रोख्याच्या (हक्क देणाऱ्या दस्तऐवजाच्या) बनावटीचे कलम ४६७ सुद्धा. पण या न्यायाधीशांना एका गुन्ह्यासाठी तीन वर्षांहून अधिक कारावास देता येत नाही. अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा एकापाठोपाठ भोगायला लावल्या, तरी एकूण मर्यादा सहा वर्षांची. अधिक शिक्षा योग्य वाटल्यास त्यांनी प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. त्यांना सात वर्षांपर्यंत अधिकार आहे. त्यापुढची शिक्षा हवी, तर खटला सत्र न्यायालयाकडे सोपवावा लागतो. म्हणून ‘सात वर्षांचे कलम’ लागले म्हणजे सात वर्षे होतील, ही फिर्यादीची समजूत सहसा खरी ठरत नाही.

दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला स्वतंत्रपणे ऐकले जाते. रक्कम, फसवलेल्यांची संख्या, पैसे परत केले का, वय, आधीची शिक्षा हे सारे पाहिले जाते. शिक्षा एकत्रित भोगण्याचा आदेश असेल, तर सर्वांत मोठी तेवढीच खरी. कच्च्या कैदेचे दिवसही वजा होतात. दोषीला तुरुंगात न पाठवता सोडण्याची सोय करणाऱ्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात कलम ४२० चा नावानिशी उल्लेख आहे : पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला ताकीद देऊनही सोडता येते. न्यायालयाच्या परवानगीने फसवणुकीत तडजोड होऊ शकते. ४०९ आणि ४६७ मध्ये ती सोय नाही. दुसऱ्या टोकाला तेलगी प्रकरण आहे. बनावट मुद्रांकांच्या त्या टोळीवर संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा लागला आणि २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने अब्दुल करीम तेलगीला १३ वर्षे सश्रम कारावास व २०२ कोटी रुपये दंड ठोठावला.

फसलेल्या माणसाला मात्र आरोपीच्या तुरुंगवासापेक्षा आपले पैसे हवे असतात, आणि त्याची ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. सामान्य खटल्यात न्यायालय दंडातून किंवा स्वतंत्रपणे भरपाई देऊ शकते, पण तोवर आरोपीकडे काही उरलेले असेलच असे नाही. जामिनाच्या अटीत रक्कम भरायला लावण्याची पद्धत पडली होती. जामिनाचे न्यायालय हे वसुलीचे ठिकाण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठणकावले.

ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने स्वतःचा मार्ग काढला तो १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियमाने. बोलीभाषेत तो ‘एमपीआयडी’. सहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड ही त्याची शिक्षा सौम्य वाटेल. खरी ताकद जप्तीत आहे. सरकार अधिसूचना काढून ठेवी घेणाऱ्या संस्थेची, चालकांची मालमत्ता ताब्यात घेते, उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी ती सांभाळतो, आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचे विशेष न्यायालय जप्ती कायम करून विक्रीचे पैसे ठेवीदारांत वाटण्याचा आदेश देते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ साली हा कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. तमिळनाडूचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली वैध ठरवला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचाही. २०२२ साली ६३ मून्स प्रकरणात ‘ठेव’ या संज्ञेचा व्यापक अर्थ मान्य झाला आणि राष्ट्रीय स्पॉट एक्स्चेंज हा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार चालवणारी, ६३ मून्सची उपकंपनीही कायद्याच्या कक्षेत आले. बँका व गहाणदारांचे दावे आणि लिलावाला गिऱ्हाईक न मिळणे यांमुळे वाटप रखडते. ठेवीदार बरेचदा निवृत्त, वयस्क असतात, त्यामुळे हा विलंब सर्वांत क्रूर ठरतो.

फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने अशी सोय सर्व गुन्ह्यांसाठी केली : न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्हादंडाधिकाऱ्याने गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता ६० दिवसांत पीडितांना वाटायची आहे. सायबर फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवल्यास पैसे ज्या खात्यांत गेले त्यांतील रक्कम गोठवता येते. ती परत मिळवण्यासाठी मुद्देमालाप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी खटला संपण्याची वाट पाहावी लागत नाही.