निक्षय मित्राच्या पिशवीत काय असावं?

क्षयाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पण त्या अंगी लागायला जे जेवण लागतं, ते औषधाच्या खिडकीवर मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ९ सप्टेंबर २०२२ रोजी टीबीमुक्त भारत अभियानात ‘निक्षय मित्र’ ही कल्पना आली. एखादी व्यक्ती, कारखाना, देवस्थान समिती, क्लब, कुणीही निक्षय पोर्टलवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंद करायची आणि किमान सहा महिने रुग्णाच्या आहाराचा भार उचलायचा. अट एकच, रुग्णाची संमती. इतर राज्यांत दारोदार जाणाऱ्या आशाताई असतात. गोव्यात ती योजनाच नाही. त्यामुळे इथे मित्राने पिशवी पोचवून परत फिरलं तर काम अर्धंच होतं.

प्रौढासाठी महिन्याचा ठरलेला शिधा असा: ३ किलो धान्य, दीड किलो डाळ-कडधान्य, पाव किलो तेल, त्यावर १ किलो दूध पावडर किंवा ६ लिटर दूध किंवा १ किलो शेंगदाणे. अंडी चालत असतील तर ३० अंडी. हिशेब मांडला तर दिवसाला साधारण ७०० ते ८५० कॅलरी होतात. म्हणजे हे पूर्ण जेवण नव्हे, रोजच्या शीत-कडीवरची भर आहे. गोव्यात धान्य म्हणून उकडे तांदूळ आणि नाचणी, कडधान्यात अळसांदे, चवळी, कुळीथ दिले तर ते शिजतात आणि खाल्ले जातात. अनोळखी सत्त्वपिठाचे डबे फळीवरच राहतात. मधुमेह असलेल्याला तांदूळ कमी करून डाळ आणि अंडी वाढवावीत. मधुमेहात क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, त्यामुळे असे रुग्ण भेटतातच.

खरं गणित चुकतं ते घरात. पिशवी आली की ती एकट्याची राहत नाही. आई मुलाच्या ताटात वाढते, आणि तिला कोण अडवणार? झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या संशोधन-चाचणीत (निष्कर्ष २०२३) हे ओळखून रुग्णाला दिवसाला १२०० कॅलरींचा शिधा दिला होता, आणि काही घरांत बाकीच्या प्रत्येकालाही सुमारे ७५० कॅलरींचा वेगळा वाटा. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. केवळ धान्य-डाळ आणि सूक्ष्मपोषकांनी! टीबीमुक्त भारत अभियानातही २०२४ मध्ये घरातल्या माणसांना शिधा देण्याची सोय झाली. मित्राने घरी माणसं किती हे आधी विचारावं.

त्याच चाचणीतली दुसरी नोंद मला जास्त उपयोगाची वाटते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४२ किलोच्या माणसाला याचा अर्थ २ किलो १०० ग्रॅम. म्हणून पिशवीबरोबर वजनकाटाही न्यावा. तोच काटा, साधारण तसेच कपडे, पंधरा दिवसांनी एकदा. काटा हलला नाही तर कारण शोधायचं: शिधा वाटला जातोय, उलट्या होतायत, साखर वाढलीय, संध्याकाळी फेणी चालू आहे की जंतूच औषधाला दाद देत नाहीत? हे आरोग्य केंद्राला लगेच कळवावं. काटा वर गेला तरी कळवायचंच, कारण गोळ्या वजनावर ठरतात. ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ ला ४. बरा होत चाललेला माणूस पुढच्या गटात गेला आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर डोस अपुरा पडतो.

मासळीबद्दलची सूचना इथे द्यावीच लागते. क्षयाच्या गोळीतलं आयसोनियाझिड हे औषध, हिस्टामिन हा त्रासदायक पदार्थ मोडणारं शरीरातलं विकर (एन्झाइम) अडवतं. बांगडा, तारली, कुपा ही मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. मग जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, धडधडतं. रुग्ण म्हणतो, ‘गोळ्यांची उष्णता’, आणि गोळ्या बंद. मासळी सोडायची नाही, प्रथिनं हवीतच. ती ताजी, बर्फातली असावी. जुना खारा बांगडा टाळावा.

लघवी तांबूस होते ती गोळीतल्याच रिफाम्पिसिन या औषधामुळे. घाबरायचं कारण नाही. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, अंधूक दिसणं यांत मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गोळ्या उपाशीपोटी उत्तम; मळमळत असेल तर थोड्या पेजेबरोबर चालतात. ताट-वाटी वेगळी करण्याला अर्थ नाही, रोग हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि कृपा करून पिशवी देतानाचा फोटो वर्तमानपत्रात देऊ नये.

रुग्णासाठी पैशांचीही सरकारी सोय आहे. नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये. सहा महिन्यांचे ३००० चे दोन हप्ते, पहिला निदान होताच, दुसरा उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. आधारशी न जोडलेलं किंवा बंद पडलेलं खातं असलं की पैसे अडकतात. मित्राने एकदा बँकेत सोबत जाणं, हे एका पिशवीइतकंच मोलाचं.

गोव्यातल्या १९१ पंचायतींनाही टीबीमुक्त ठरण्याचे निकष आहेत, त्यांतले दोन: हजार लोकांमागे किमान ३० संशयितांची तपासणी आणि रुग्ण जास्तीत जास्त १. तीन हजारांच्या गावात ९० तपासण्या, रुग्ण तीनपर्यंत. तपासणीची अट नसती तर न शोधता ‘मुक्त’ होणं सोपं होतं. या तपासणीसाठीचं ट्रूनॅट यंत्र बनवणारी कंपनी आपल्याच वेर्ण्याची. यंत्र बॅटरीवर चालतं, साधारण तासाभरात उत्तर देतं.

सगळ्यांत जास्त माणसं निसटतात ती ट्रॉलरवरची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मालीम-कुटबणच्या मासेमारी धक्क्यांवरचे खलाशी आपापल्या राज्यांत जातात. मार्चमध्ये निदान झालेला जूनमध्ये निम्म्यावर असतो, खोकला गेलेला, अंगात ताकद आलेली. निघण्याआधी निक्षय आयडी कागदावर लिहून द्यावा, प्रवासाच्या दिवसांच्या गोळ्या बरोबर द्याव्यात, आणि केंद्राकडून त्याच्या गावच्या केंद्राकडे पोर्टलवर बदली करून घ्यावी. आठवड्याने फोन करून तिकडे नाव घेतलं का विचारावं. नसेल तर १८००-११-६६६६ हा निक्षय संपर्कचा फुकट क्रमांक आहे. परत आल्यावर तो भाड्याच्या खोलीत राहणार, जिथे चूल नसते. त्याला कच्चे तांदूळ न देता भाजके चणे, शेंगदाणे, दूध द्यावं आणि जवळच्या खाणावळीत रोजच्या दोन उकडलेल्या अंड्यांचे पैसे आगाऊ भरावेत.