भाषण साहेबांचे, मसुदा कोणाचा?

१ मेच्या सकाळी ओरोस, रत्नागिरी, अलिबाग अशा जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वजवंदन होते. संचलन झाले की पालकमंत्री माइकपुढे येतात आणि दहा-बारा मिनिटांचे भाषण वाचतात. तो कागद आठवडाभर आधी माहिती कार्यालयाच्या एखाद्या टेबलावर तयार होत असतो. कृषी, पुरवठा, आरोग्य, मत्स्यव्यवसाय, जिल्हा परिषद अशा सगळ्यांकडून टिपणे मागवायची, आकडे जुळवायचे, मसुदा करायचा, वर पाठवायचा, लाल शाईने भरून परत आला की पुन्हा करायचा. कोकणात मी हे काम बरीच वर्षे केले. या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांना ते कालपरवाचे, जनसंपर्काच्या जमान्यातले वाटते. प्रत्यक्षात याच किनाऱ्यावर त्याची साडेतीनशे वर्षांची वाट आहे.

राजाच्या वतीने लिहिणाऱ्याचे गुण कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. दोषांमध्ये पुनरुक्ती आणि परस्परविरोध आहेत. आजही मसुदा तपासायला एवढी यादी पुरते. पण आपली खरी सुरुवात राजापुरापासून धरावी लागते.

बाळाजी आवजी चित्रे हे शिवाजी महाराजांचे चिटणीस, म्हणजे पत्रे लिहिणारे. वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते, सिद्दीच्या रोषाने कुटुंब उद्ध्वस्त झाले आणि राजापुरात बाळाजी महाराजांच्या नजरेस पडले, असे परंपरा सांगते. त्यांची एक गोष्ट कोकणात अजून सांगतात. महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितले होते, कामाच्या गर्दीत ते राहिले आणि रात्री महाराजांनी वाचून दाखवायला सांगितले. बाळाजींनी हातात कागद धरून पत्र घडाघडा वाचले, कागद मात्र कोरा होता. गोष्ट दंतकथा असेल, पण या पेशाचे मर्म तिच्यात आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मालकाचा आवाज इतका मुरलेला असायला हवा की कागद नसला तरी चालावे. त्या जवळिकीची किंमतही मोठी होती. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून बाळाजींना देहदंड झाला, आणि पुढे त्यांचेच चिरंजीव खंडो बल्लाळ त्याच संभाजी महाराजांचे चिटणीस झाले.

दरम्यान १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि राज्यकारभारातले फारसी शब्द बदलण्यासाठी रघुनाथपंत हणमंत्यांकडे राज्यव्यवहारकोशाचे काम आले. मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव झाले, डबीर सुमंत झाले. सरकारने कोणत्या शब्दांत बोलावे याचा एवढ्या नेटाने केलेला विचार मराठीत पहिलाच.

त्याच सुमारास चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले महाराजांचे पत्र मी नवीन मुलांना आधी वाचायला देतो. पावसाळा तोंडावर आहे, दाणा आणि गवत बेताने वापरा, नाहीतर भर पावसात घोडी मरतील, असे ते सांगते. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा जळेल, हेही सांगते. आणि रयतेकडून दाणे, भाकर, गवत, भाजी ओरबाडाल तर लोक म्हणतील, मोगल मुलखात आले त्याहून तुम्ही वाईट. यात ‘दक्षता घ्यावी’ असे मोघम काही नाही. काय करायचे, न केल्यास काय होईल आणि ते कोणाला भोगावे लागेल, ही साखळी वाक्यागणिक पुढे सरकते. उंदीर आणि वात आल्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःच्याच छावणीतले गवत उभे राहते.

हे पत्र असे का झाले, याचे एक कारण मला मोडी लिपीत दिसते. मोडी लिखाणात शब्द सुटे नसत, विरामचिन्हे नसत. कागद यायचा, कारकून तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. म्हणून वाक्यांना ‘तरी’, ‘ऐसे’, ‘म्हणोन’ असे सांधे असत. श्वास कुठे घ्यायचा ते शब्दच सांगत. सरकारी मराठी जन्माला आली ती कानासाठी, हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

दुसऱ्याच्या नावाने लिहिण्याचे या भागातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १७१५ सालचे, राज्यकारभार कसा करावा ते सांगणारे आज्ञापत्र. निघाले ते कोल्हापूरच्या छत्रपती संभाजींच्या (राजाराम महाराजांच्या चिरंजीवांच्या) नावाने, लिहिले ते रामचंद्रपंत अमात्यांनी. शिवकाळापासूनचा कारभार पाहिलेला हा वृद्ध मंत्री तरुण राजाच्या तोंडून बोलतो. त्यातले आरमाराचे प्रकरण तर आपल्या किनाऱ्याचेच. गलबतांसाठी लाकूड हवे, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. हुकूम आणि त्यामागची माणसाची कळकळ एकाच वाक्यात कशी बसवायची, ते इथे शिकावे. ज्याच्या नावाने लिहितो त्याला त्याच्याच अधिकारातून काही सांगता येते, हा या कामाचा मोठेपणाही अमात्यांनी दाखवला.

पेशवाईबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. चिटणीस, फडणीस, दफ्तरदार अशी घराणी वाढली, मायने ठरले, ‘बहुत काय लिहिणे’ असे ठरीव शेवट आले. कौशल्य होते, पण बरेचसे मुत्सद्द्यांमधल्या पत्रांपुरते.

इंग्रजी अमलात कामाची दिशाच उलटली. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने साताऱ्याला जाहीरनामा काढला, तो मराठीत लोकांपर्यंत गेला. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा ठिकठिकाणी देशी भाषांतून वाचला गेला. त्याचा पहिला मसुदा व्हिक्टोरिया राणीला रुचला नव्हता. पूर्वेकडच्या दहा कोटींहून अधिक लोकांशी एक स्त्री बोलते आहे हे लक्षात ठेवून लिहा, असे तिने पंतप्रधान डर्बी यांना कळवले. आवाज कोणाचा, हे तिथेही आधी ठरवावे लागले. आपल्याकडे मात्र तो आवाज भाषांतर होऊन आला. आधी इंग्रजी मजकूर, मग मराठी. मेजर टॉमस कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार होते. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण स्वल्पविरामाच्या आधाराने वाक्ये लांबत गेली. सरकारी मराठी कानाकडून डोळ्याकडे गेली.

राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले. १९६२ मध्ये सरकारी पदांची मराठी नावे देणारा पदनाम कोश आला, १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. कारभार मराठीत आला ही साधी गोष्ट नाही, त्यासाठी खपलेल्या माणसांचे ऋण मोठे आहे. फक्त त्या मराठीचा सांगाडा इंग्रजी टिपणीचाच राहिला. ‘रस्त्यांची कामे हाती घेण्यात आलेली आहेत’ या वाक्यात कामे कोणी हाती घेतली? फाईलवर हे चालते, समोर बसलेल्या माणसाला ते भिडत नाही. त्यातच अधिकाऱ्याला १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. शासनावर टीका करायची नाही. लोकप्रतिनिधीचे श्रेय घेणेही बरे दिसत नाही. मग ‘करण्यात आले’ हा सुरक्षित आडोसा होतो. मसुदा करणाऱ्याचा अर्धा दिवस हा आडोसा किती ठेवायचा आणि किती काढायचा यातच जातो.

भाषणाला कायद्याचे बंधन कुठवर असते ते राज्यपालांच्या अभिभाषणात दिसते. संविधानाच्या अनुच्छेद १७६ प्रमाणे ते विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनात होते. मूळ तरतूद प्रत्येक अधिवेशनासाठी होती, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती एवढ्यावर आली. खात्याखात्यांकडून मजकूर येतो, मंत्रिमंडळ मान्यता देते. वाचतात राज्यपाल, भूमिका असते सरकारची. जिल्ह्यातले पालकमंत्र्यांचे भाषण म्हणजे त्याचेच धाकटे रूप.

कोकणात या कामाला आणखी एक बाजू आहे. जिल्हाधिकारी पुष्कळदा परराज्यातले असतात. देवनागरी अस्खलित वाचतात, पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च त्यांना सारखेच दिसतात. म्हणून वाचायच्या प्रतीत आम्ही ‘चारा’च्या च खाली टिंब देतो. आकडे अक्षरांत लिहितो, पानाच्या शेवटी वाक्य अर्धे सोडत नाही. हे मला शिकवले आमच्या कार्यालयातल्या एका जुन्या हेडक्लार्कांनी. मी माझा पहिला मसुदा मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचेनात. म्हणाले, “तू वाच, मी आयकतंय.” चौथ्या ओळीला त्यांनी हात वर केला. “हय तोड. सायबाक धाप लागतली.” त्या दिवशी मी अकरा ठिकाणी वाक्ये तोडली, आणि त्यांतल्या सात ठिकाणी ‘करण्यात’ हा शब्द होता. तेव्हापासून मोठ्याने वाचल्याशिवाय एकही मसुदा मी वर पाठवलेला नाही.

कसोटी लागते ती संकटात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी साहेबांच्या निवेदनाला अलंकार चालत नाहीत आणि मोघमपणा तर अजिबात चालत नाही. पुरानंतरच्या एका निवेदनाचा मसुदा माझ्याकडे होता. सवयीने पहिला परिच्छेद सहवेदनेचा लिहिला, दुसऱ्यात शासन पाठीशी असल्याचे सांगितले. साहेबांनी दोन्ही परिच्छेद खाली नेले आणि विचारले, “चिखलात उभ्या असलेल्या माणसाने आत्ता काय करायचे?” मला चिपळुणातलेच ते जुने पत्र आठवले. नवा मसुदा चार ओळींचा झाला. भिजलेली वीजजोडणी तपासल्याशिवाय बटण दाबू नका. पाणी उकळूनच प्या. औषधे भिजली असतील तर टाकून द्या. पंचनामा व्हायचा आहे, चिखल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दोन दिवसांनी बाजारपेठेतून जाताना शेवटची ओळ एका बंद शटरवर दिसली. कोणीतरी ती वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून चिकटवली होती.