व्हांगानुई नदीवरील कॅनू प्रवास

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील व्हांगानुई नदीतून वाटाड्याबरोबर कॅनू वल्हवत, रात्री काठावर मुक्काम करत केला जाणारा तीन ते पाच दिवसांचा प्रवास. टोंगारिरो पर्वताच्या उतारावर उगम पावणारी ही नदी सुमारे 290 किमी वाहून व्हांगानुई शहराजवळ टास्मान समुद्राला मिळते. टाउमारुनुई ते पिपिरिकी हा पूर्ण प्रवास 145 किमीचा असून त्याला पाच दिवस लागतात. वेळ कमी असल्यास व्हाकाहोरो येथून नाव पाण्यात घालतात. तिथून पिपिरिकी सुमारे 87 किमी, म्हणजे तीन दिवसांवर आहे. हा मार्ग देशाच्या ‘ग्रेट वॉक्स’ या यादीत मोडतो. यादी पायवाटांची असली तरी त्यात नदीचा मार्ग हा एवढा एकच. 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल या हंगामात प्रत्येक रात्रीची झोपडी किंवा तंबूची जागा संवर्धन विभागाकडे आधी आरक्षित करावी लागते.

वाटेत लहानमोठे दोनशेच्या आसपास खळाळ लागतात, पण बहुतेक पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे नवख्यालाही जमण्याजोगे असतात. त्यामुळे नदी सोपी असल्याची समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. उगमाकडे पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी काही तासांत चढते, आणि व्हाकाहोरोच्या खाली, उंच कड्यांच्या घळीत शिरल्यावर पिपिरिकीपर्यंत रस्ता भेटत नाही. मोबाइलला रेंज नसते. म्हणून वाटाड्याचे पहिले काम नाव हाकणे नव्हे, तर पाण्याची पातळी व पावसाचा अंदाज पाहून निघायचे की थांबायचे हे ठरवणे. पातळी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की नावा पाण्यात उतरवतच नाहीत. संकटात उपग्रहाला संदेश देणारे यंत्र वाटाड्याच्या अंगावर असावे; सामानाच्या पिंपात बांधलेले यंत्र नावेबरोबर वाहून जाते.

नाव दोघांची, उघडी, प्लास्टिकची, साधारण पाच मीटर लांब असते. कपडे, अन्न, झोपायच्या पिशव्या हे सारे घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपांत भरतात. झाकणाच्या खाचेत वाळूचा कण अडकला तरी पाणी झिरपते, म्हणून रबरी कडी रोज सकाळी पुसून घ्यावी. जड पिंपे नावेच्या मध्यावर व तळाला येतात. पुढचे टोक किंचित हलके ठेवले की नाव लाटेवर चढते, पण फार हलके ठेवल्यास दुपारी घळीतून वर येणारा समोरचा वारा ते फिरवून टाकतो. पिंपे नावेला आवळून बांधतात. नाव उलटली की हीच बंद पिंपे तिला तरंगत ठेवतात. दोरीचे टोक मात्र लोंबते ठेवू नये, त्यात पाय अडकतो.

पुढचा वल्हेकरी जोर लावतो आणि पाण्याखालचे दगड ओरडून सांगतो. दिशा मागचा सांभाळतो. खळाळाच्या तोंडाशी पाणी गुळगुळीत जिभेसारखे खाली उतरते. टोक पुढच्या दिशेला असलेला तो त्रिकोण हीच वाट, आणि टोक आपल्याकडे असलेला त्रिकोण म्हणजे तिथे दगड आहे. आत शिरताना दोघांनी गुडघ्यांवर बसावे व वल्हवणे थांबवू नये. प्रवाहापेक्षा किंचित वेग असेल तरच नाव वळते. घाबरून दोन्ही कडा पकडणे ही सर्वांत सामान्य चूक. वल्हे पाण्याबाहेर आले की नाव आडवी होते. आडवी नाव दगडावर आदळली तर अंग दगडाकडेच झुकवावे. उलट दिशेला झुकल्यास प्रवाह येतो त्या बाजूने पाणी आत शिरते आणि नाव दगडाला लपेटली जाते. पडल्यावर उताणे होऊन पाय पुढे करावेत, वल्हे सोडू नये आणि प्रवाह येतो त्या, नावेच्या वरच्या अंगाला राहावे. पाण्याने भरलेली नाव व दगड यांच्या मधे सापडणे बुडण्याहून घातक ठरू शकते. वाटाड्या आधी उतरून खळाळाखाली काठाशी उलट फिरणाऱ्या संथ पाण्यात थांबतो आणि नावा एकेक करून बोलावतो.

दिवसाला पाच ते सात तास वल्हवणे होते. खरी मेहनत मुक्कामाला पोचल्यावर सुरू होते. काठचा मऊ, करडा खडक (इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत ‘पापा’) ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो, म्हणून पिंपे माणसांची साखळी करून हातोहात वर चढवतात. नावा पूररेषेच्या वर ओढून एकमेकींना व झाडाला बांधायच्या, आकाश कितीही निरभ्र असो. पाण्यालगत वाळूवर ठेवलेली नाव सकाळी दिसत नाही. सुती कपडे टाळावेत. भिजल्यावर ते अंगातली ऊब खेचून घेतात. लोकर किंवा फ्लीस चालते. मुक्कामावरच्या टाक्यांतले पाणी उकळून घ्यावे, कचरा परत न्यावा.

जॉन कूल या मुक्कामाच्या झोपडीनंतरच्या दिवशी मांगापुरुआच्या धक्क्यावर नावा लावून सुमारे 40 मिनिटे चालले की जंगलात एक काँक्रीटचा पूल उभा दिसतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना या खोऱ्यात जमिनी दिल्या होत्या. पूल 1936 साली पुरा झाला, तोवर वस्ती मोडत चालली होती. 1942 साली शेवटची कुटुंबेही निघून गेली. पूल आता कुठेच जात नाही, आणि त्याचे नावही ‘ब्रिज टू नोव्हेअर’ असेच पडले. इथे पिपिरिकीहून येणाऱ्या जेट बोटी वर्दळ करतात. त्या दिसताच उजव्या काठाला सरून लाटेकडे तोंड करावे.

पुढे टीएके काइंगा हे मुक्कामस्थान माओरींचे मराए, म्हणजे सामुदायिक सभास्थान आहे. यजमान हजर असतील तर पोव्हिरी या विधीने स्वागत होते. गटातल्या एकाने उत्तर द्यावे, मग सर्वांनी एखादे गाणे म्हणावे अशी रीत आहे, म्हणून गाणे आधीच ठरवून ठेवलेले बरे. इमारतीत शिरताना पादत्राणे बाहेर. व्हांगानुईचे माओरी नदीला पूर्वज मानतात. ‘मी नदी आहे, नदी मी आहे’ अशी त्यांची म्हण आहे. मार्च 2017 मध्ये संसदेने कायदा करून नदीला ‘ते आवा तुपुआ’ या नावाने कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या वतीने बोलणारे दोघे असतात, एक सरकारने नेमलेला, एक जमातींनी.

शेवटच्या दिवशी न्गापोरो व आउटापू हे सर्वांत मोठे खळाळ येतात. आउटापूला ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात. कोरडे उतरण्याची शक्यता तेवढीच. त्यापुढे पिपिरिकी जवळ असल्याने अनुभवी वाटाडे कोरडे कपडे त्या सकाळी सर्वांत वरच्या पिंपात ठेवायला लावतात.