मोबाईलचे दर आणि कंपन्यांतील स्पर्धा (मराठवाडा)

मोबाईल सेवेसाठी देशाचे २२ परवाना क्षेत्रांत भाग पाडलेले आहेत. बोलीभाषेत त्यांना सर्कल म्हणतात. मराठवाड्याचे आठही जिल्हे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. याच सर्कलमध्ये गोवा आहे, मुंबई मात्र नाही. त्यामुळे पुण्यात जो प्लॅन ज्या किमतीला मिळतो, तोच आष्टीत आणि औंढा नागनाथलाही मिळतो. दराच्या दृष्टीने मराठवाडा हा वेगळा बाजार नाही. त्याचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे: कोणत्या गावात कोणाची रेंज येते, आणि सुगीलाच हातात पैसा येणारा माणूस दर २८ दिवसांचा रिचार्ज कसा भागवतो.

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. तेव्हा गर्दीच्या वेळेत मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास पडत, आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. महाराष्ट्र सर्कलमध्ये सुरुवातीला बिर्ला एटी अँड टी (पुढची आयडिया) आणि बीपीएल अशा दोनच खासगी कंपन्या होत्या. बीएसएनएलची मोबाईल सेवा २००२ मध्ये आली, १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले आणि मोबाईल खऱ्या अर्थाने गावात शिरला. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवण्याची कला त्याच काळातली. पुढे २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर एक रुपया मिनिट हा दर आणला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि बाकीच्यांनाही तो मुकाट्याने लावावा लागला.

दर ठरवतो कोण? पुष्कळांना वाटते की ट्राय ही नियामक संस्था ठरवते. प्रत्यक्षात बहुतेक दर ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत. नवा दर लागू केल्यावर तो ट्रायला कळवायचा, इतकेच. म्हणून गिऱ्हाइकाला आधार उरतो तो स्पर्धेचाच. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. पोर्ट हा शब्द लिहून पुढे आपला नंबर टाकायचा, १९०० ला एसएमएस करायचा, कोड आला की दुकानात जाऊन नवे सिम घ्यायचे. मुख्य अट ही, की आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली आणि सारे चित्र पालटले. त्याआधी एक जीबी डेटाला सुमारे अडीचशे रुपये पडत. जिओने तो मार्च २०१७ पर्यंत फुकट वाटला. या मारामारीत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा आवरती घेतली, टाटांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलकडे गेला, तर व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. मैदान रिकामे झाल्यावर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशी तीनदा दरवाढ झाली, आणि प्रत्येक वेळी तिन्ही खासगी कंपन्यांनी ती काही दिवसांच्या अंतराने केली. याला स्पर्धा म्हणायचे का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

सर्वांत मोठा फटका कमी वापर असणाऱ्यांना बसला. एके काळी लाईफटाईम सिम घेऊन दहा रुपयांच्या छोट्या रिचार्जवर वर्ष काढता येई. २०१८ च्या अखेरीस फोन चालू ठेवायलाच २८ दिवसांना ३५ रुपये लागू लागले. एअरटेलवर हा आकडा २०२१ मध्ये आधी ७९, मग ९९ आणि जुलै २०२४ मध्ये १९९ झाला. त्यात कॉल अमर्याद मिळतात आणि थोडा डेटाही, हे खरे. पण ज्या आजीला लेकीचा फोन फक्त उचलायचा आहे, तिला त्याचा काय उपयोग? व्हॅलिडिटी संपली की काही दिवसांत इनकमिंगही बंद होते. बँक, आधार, सरकारी योजनांचे ओटीपी सगळे त्याच नंबरावर, त्यामुळे तो सोडूनही देता येत नाही. शिवाय महिना २८ दिवसांचा धरल्याने वर्षाला १३ रिचार्ज मारावे लागतात. २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवणे बंधनकारक केले, पण चलती २८ दिवसांच्याच प्लॅनची राहिली.

सर्कलची हद्द मराठवाड्याला फार काळ नडली. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची जोडी सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यावर गेली तर सर्कल तेच, रोमिंग नाही. मुकादमाने बेळगाव-बागलकोटकडे नेली की रोमिंग सुरू. उमरगा, उदगीर, देगलूर, धर्माबाद या सीमेलगतच्या भागात तर घरात बसल्या बसल्या फोन पलीकडच्या टॉवरला लागे आणि बॅलन्स कापला जाई. जाणकार मंडळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून ठेवत. जिओनंतर देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे बंद झाले आणि ही कटकट संपली.

रेंजची कटकट काही संपली नाही. कागदावर चार कंपन्या असल्या तरी बालाघाटच्या डोंगररांगेतल्या वाडीवर अनेकदा एकीचीच धड रेंज असते, आणि लाईट फार वेळ गेली की तीही जाते. तिथे ज्याची रेंज त्याचेच सिम. बाकीच्यांचे दर कितीही उतरोत, अशा ठिकाणी पोर्ट करण्यात अर्थ नसतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर त्या एका महिन्यात बीएसएनएलला देशभरात सुमारे २९ लाख ग्राहक जास्त मिळाले, पण त्याचे फोर-जी तेव्हा पुरते उभे नसल्याने स्वस्त दराचा हा ओघ टिकला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देण्याची सक्ती केली. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने असे दोन ठेवले: ८४ दिवसांना ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपये. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना होता. त्या वेळच्या दरांनी दिवसाला हिशेब केला तर एअरटेलचा वर्षाचा रिचार्ज सुमारे ५ रुपये ७ पैशांना पडे, ८४ दिवसांचा ५ रुपये ५८ पैशांना आणि थोड्या डेटासह येणारा २८ दिवसांचा १९९ चा ७ रुपये ११ पैशांना. सोयाबीनचे पैसे आल्या आल्या एकदम १,८४९ मोजू शकणाऱ्याला फोन स्वस्त पडतो. रोजंदारीवर जगणारा २८ दिवसांचाच मारतो, तोही व्हॅलिडिटी संपून दोन-चार दिवस फोन बंद राहिल्यावर.